आधी पाणी, मग मासा, मग झाड

भोपाळच्या साकेत नगरात राहायला आल्यावर आमच्या घरी पहिली फिश टँक आली ती मुलीच्या हट्टापायी. दोन फुटांची काचेची टाकी, तळाला निळे-हिरवे खडे, आणि दुकानदाराने ‘आफ्रिकन मिक्स’ म्हणून पिशवीत बांधून दिलेले आठ रंगीत सिक्लिड. शोभेला कोपऱ्यात अ‍ॅमेझॉन स्वोर्डची दोन रोपे. रात्री दिवा लावून घरातले सगळे तिच्यासमोर बसलो होतो. सकाळी उठून बघतो तर दोन्ही रोपे मुळे वर करून तरंगत होती, अर्धे खडे एका बाजूला उपसले होते आणि त्या खड्ड्यात एक निळा मासा जहागीरदारासारखा बसला होता. पंधरा दिवसांत आठाचे तीन उरले.

मासे त्यांच्या स्वभावाप्रमाणेच वागले होते. माझा निवडीचा क्रम उलटा होता. मी आधी रंग पाहिला, मग झाड घेतले आणि नळाला कसले पाणी येते याचा विचारच केला नाही. आता घरात तीन फुटांची टाकी आहे आणि तिच्यात झाडेही टिकली आहेत, मासेही. ज्यांना सिक्लिडची पहिली टाकी लावायची आहे, त्यांनी माझ्यासारखे पैसे आणि मासे घालवू नयेत म्हणून हे लिहितो आहे.

सिक्लिड म्हणजे कोण?

दुकानात कोणी ‘चिचलिड’ म्हणतो, कोणी ‘सिच्लिड’. उच्चार ‘सिक्लिड’ असा आहे. हे एका माशाचे नाव नसून दीड हजाराहून अधिक जातींच्या भल्यामोठ्या कुळाचे नाव आहे. एंजल, डिस्कस, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, पॅरट हे सगळे सिक्लिडच. बाजारात मिळणारा तिलापियाही याच कुळातला. भारतात मूळचे सिक्लिड तीनच, आणि त्यांतला एक कोकण-गोव्याच्या लोकांच्या ताटातला आहे: खाडीतला काळुंदर, म्हणजेच केरळचा करीमीन. ‘मला सिक्लिड हवेत’ असे दुकानात सांगणे म्हणजे मंडईत जाऊन ‘भाजी द्या’ म्हणण्यासारखे आहे.

या कुळाची एक खूण मात्र सगळीकडे सारखी. हे मासे पिल्लांना सांभाळतात. बहुतेक मासे अंडी टाकून निघून जातात. सिक्लिड जागा निवडतात, ती साफ करतात, अंड्यांवर पहारा देतात. काही जातींत आई अंडी-पिल्ले तोंडात धरून दोन-तीन आठवडे उपाशी फिरते. रेती उकरणे, झाडे उपटणे, शेजाऱ्यावर धावून जाणे हे सगळे या संसारापायी चालते. त्यामुळे टाकी लावताना स्वतःला विचारायचा प्रश्न हा की, या माशाला घर कसे लागते आणि त्या घरात कोणते झाड तग धरेल.

पहिली पायरी : आपले पाणी ओळखा

भोपाळला मोठा तलाव, कोलार आणि नर्मदा अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून पाणी येते. त्यात कॉलनीतल्या बोअरची भर. आमच्या इमारतीत नळाचे आणि बोअरचे पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीत पडते, आणि उन्हाळ्यात बोअरचा वाटा वाढतो. शेजारच्या इमारतीतल्या मित्राला जमलेले आपल्याला जमेलच असे नाही, ते यामुळे.

एक घरगुती परीक्षा आहे. चहाच्या पातेल्याला, गीझरच्या कॉइलला, बाथरूमच्या नळाला पांढरा थर चढत असेल तर पाणी जड आहे, म्हणजे त्यात चुन्याचे क्षार भरपूर आहेत. साबणाला फेस येत नसेल तर तीच गोष्ट. अंदाज खरा करून घ्यायला पीएच आणि जडपणा मोजणाऱ्या पट्ट्या किंवा थेंबांचे किट घ्या. पाणी बादलीत रात्रभर ठेवून मग मोजा. नळातून नुकत्याच काढलेल्या पाण्याचा पीएच फसवतो.

जड, पीएच साडेसातच्या वरचे पाणी असेल तर आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे मासे सुखी राहतील. त्या सरोवराचा पीएच ७.८ ते ८.६ च्या दरम्यान असतो. मध्यम पाणी असेल तर क्रिबेन्सिस आणि फार्ममध्ये वाढलेले एंजल चालतात. डिस्कस, रॅम यांसारख्या दक्षिण अमेरिकेतल्या नाजूक माशांना मऊ पाणी लागते. त्यासाठी आरओचे पाणी मिसळत बसावे लागते, तेव्हा ते पहिल्या वर्षी नकोत. निव्वळ आरओचे पाणी तर कोणत्याच माशाला देऊ नका, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पीएच वाढवणाऱ्या-उतरवणाऱ्या बाटल्यांच्याही मागे लागू नका. थोडा चुकीचा पण स्थिर पीएच मासा सोसतो. रोज वरखाली होणारा सोसत नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. टाकीत घालण्याआधी ‘अँटिक्लोरीन’चे थेंब घाला. ती बाटली स्वस्त आहे आणि तिच्यावाचून काम चालत नाही.

टाकी, वजन आणि सहा आठवड्यांचा धीर

सिक्लिडसाठी तीन फुटांपेक्षा लहान टाकी घेऊ नका. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच अशा टाकीचे माप १३० लिटरच्या आसपास भरते. वर सोडलेली जागा आणि रेती वजा जाता साधारण ११० लिटर पाणी मावते. एक लिटर म्हणजे एक किलो. रेती, दगड, काच धरून दीडशे किलोंचा भार होतो. टीव्हीच्या शोकेसवर किंवा कपाटाच्या फळीवर ही टाकी ठेवायची नाही. लोखंडी स्टँड, खाली थर्माकोलची शीट, आणि भिंतीलगतची अशी जागा जिथे खिडकीचे थेट ऊन येत नाही.

रंगीत खडे नकोत. धुतलेली बारीक नदीची रेती दीड-दोन इंच पुरे. दगड आणताना त्यावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर दगड चुनखडीचा आहे, तो पाणी आणखी जड करील. मलावीच्या टाकीत तो चालतो, इतर ठिकाणी नको. जड दगड आधी टाकीच्या तळावर बसवा आणि मग भोवती रेती घाला. रेतीवर ठेवलेला दगड सिक्लिड खालून पोखरतात आणि तो काचेवर कलंडतो.

आता सगळ्यांत कंटाळवाणा भाग. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट करतात, तेही विषारी. मग दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच निरुपद्रवी आणि झाडांचे खत. ही फौज उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. फिल्टर चालू ठेवून, रोज चिमूटभर खाद्य टाकून, मासे न घालता टाकी चालवायची. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की टाकी तयार. ओळखीच्या माणसाच्या जुन्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा आपल्या फिल्टरात टाकलात तर हे लवकर जमते. पुढे स्पंज धुताना नळाखाली धरू नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. क्लोरीनने ही फौज गारद होऊ शकते.

या सहा आठवड्यांत झाडे मात्र लावून टाका. मासे येईपर्यंत त्यांची मुळे धरतात.

तीन जमलेल्या पंगती

कोणाला कोणाशेजारी बसवायचे हे ठरवण्यासाठी तीन जुळण्या देतो. यांतली एकच निवडा, तिन्हींची भेळ करू नका.

पहिली, आणि नवख्यांसाठी माझी शिफारस : क्रिबेन्सिसची एक जोडी. नायजेरिया-कॅमेरूनच्या बाजूच्या नद्यांतला हा छोटा सिक्लिड. नर चार इंचांपर्यंत, मादी त्याहून लहान, पण विणीच्या दिवसांत मादीचे पोट जांभळट लाल होते आणि रंगात ती नरावर मात करते. तीन फुटांची टाकी जोडीला पुरते. हे मासे झाडे खात नाहीत, गुहेच्या तोंडाशी थोडी रेती उकरतात एवढेच. गुहेसाठी नारळाची अर्धी करवंटी घ्या, चार-पाच दिवस पाणी बदलत भिजवा, कडेला बोटभर खाच पाडा आणि रेतीवर पालथी घाला. दोन करवंट्या ठेवा, निवड मादी करते. सोबतीला पाण्याच्या वरच्या थरात राहणारे चपळ मासे द्या : आठ-दहा झेब्रा डॅनिओ किंवा पाच-सहा स्वोर्डटेल. झेब्रा तर आपल्याच ओढ्या-नाल्यांतला मासा, थंडीलाही काटक. तळाला राहणारे कॉरिडोरास या टाकीत नकोत. एरवी ते गरीब, पण करवंटीत अंडी असताना क्रिब त्यांचे हालहाल करतात.

दुसरी : एंजल. हा मासा आडवा नाही, उभा वाढतो. पंखांसह त्याची उंची सहा इंचांच्या वर जाते, म्हणून टाकीत निदान दीड फूट उंची हवी आणि लांबी शक्य तर चार फूट. पाच लहान पिल्ले एकदम घ्या, त्यांतून जोडी आपसूक जमते. जमली की उरलेले मित्राला द्या किंवा दुकानात परत करा. सोबतीला कॉरिडोरास उत्तम. निऑन टेट्रा नकोत, मोठा झालेला एंजल त्यांना शेवयांसारखे गिळतो. टायगर बार्ब मुळीच नकोत, ते एंजलचे लांब पंख कुरतडतात. गप्पीची शेपटी आणि एंजलची भूक यांचेही जमत नाही. झाडांची हौस असेल तर मात्र ही टाकी तुमच्यासाठी. एंजल उकरत नाही. अ‍ॅमेझॉन स्वोर्डचे रुंद पान त्याला अंडी चिकटवायला आवडते, म्हणजे माझ्या पहिल्या टाकीत वाया गेलेले झाड इथे कामी येते.

तिसरी : मलावीचे यलो लॅब. पिवळाधमक, वरच्या परावर काळी पट्टी, तीन-चार इंचांचा. मलावीच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या भांडखोर माशांत त्यातल्या त्यात शांत. यासाठी चार फूट बाय दीड बाय दीडची, म्हणजे अडीचशे लिटरच्या घरातली टाकी हवी. आठ-दहा पिल्ले घ्या, दगडांचे डोंगर रचा, फटी-बोगदे भरपूर ठेवा. फक्त याच एका जातीने सुरुवात करा. ‘मिक्स’ पिशवीत कोण कोण आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. त्यात ऑरॅटससारखा एखादा निघाला तर तो एकटा सगळी टाकी रिकामी करतो. खाद्य स्पिरुलिनाचे द्या. मलावीतले बरेच मासे दगडावरचे शेवाळ खरवडून जगतात, त्यांना रोज ब्लडवर्म घातले तर पोट फुगून मरतात.

या तिन्ही पंगतींत ज्यांना जागा नाही त्यांचीही नावे सांगतो. ऑस्कर दुकानात दोन इंचांचा, गोंडस असतो आणि फूटभर होतो. फ्लॉवरहॉर्न माणसाने घडवलेला संकर, तो एकटाच राहतो. त्याच्या टाकीत झाड म्हणजे त्याचे खेळणे. लाल पॅरटही संकरच. त्याचे तोंड नीट मिटत नाही, पण रेती उपसायला त्याला तोंड पुरते. यांपैकी कोणी आवडलाच असेल तर टाकीत झाडे लावू नका. टाकीच्या काठावर मनी प्लँट ठेवा आणि फक्त मुळे पाण्यात सोडा. मुळे नायट्रेट शोषतात, पाने बाहेर सुरक्षित. त्या मुळांनाही मासा कुरतडू लागला तर मधे प्लॅस्टिकची जाळी लावा.

झाड कोणते, आणि लावायचे कसे

सिक्लिडच्या टाकीतल्या झाडाला दोन परीक्षा द्याव्या लागतात : त्याची पाने माशाला खावीशी वाटू नयेत, आणि रेती उकरली तरी ते जागेवरून हलू नये. दोन्हींत पहिल्या नंबराने पास होणारी झाडे दोन.

अ‍ॅन्यूबियास हे पश्चिम आफ्रिकेतले, म्हणजे क्रिबेन्सिसच्याच मुलखातले. पाने जाड, चामड्यासारखी. जावा फर्न दक्षिण-पूर्व आशियातले, पानांना कडवटपणा असल्याने मासे तोंड लावत नाहीत. दोघांनाही आडवे खोड असते, आल्याच्या गड्ड्यासारखे. नवखा माणूस ते सवयीने रेतीत पुरतो आणि महिन्याभरात झाड कुजते. ते पुरायचे नाही. साध्या सुती दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधायचे. दोरा काही आठवड्यांत कुजतो, तोवर मुळांनी दगड पकडलेला असतो. सायनोअ‍ॅक्रिलेटच्या घट्ट जेलचा मसुराएवढा थेंब लावून चिकटवले तरी चालते. दोन्ही झाडे कमी उजेडात जगतात, सावकाश वाढतात, जड पाणी सोसतात.

तिसरे झाड व्हॅलिस्नेरिया : लांब, गवतासारखी फितीची पाने, आपल्याकडच्या तलावांतही वाढणारी. जड पाणी तिला मानवते, म्हणून मलावीच्या टाकीत रेतीत लावण्याजोगी हीच एक. मुळे रेतीत, पण जिथून पाने फुटतात तो पांढरट भाग रेतीच्या वर. लावल्यावर भोवती मुठीएवढे चार-पाच दगड गोल मांडा. रोप रुजेपर्यंत, महिनाभर तरी, त्या कड्यामुळे माशाला खोदता येत नाही. एकदा रुजली की तिला धुमारे फुटतात आणि मागची भिंत ती स्वतःच भरते.

क्रिबेन्सिस किंवा एंजल असतील तर क्रिप्टोकोरिनही लावा. तिच्या काही जाती आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांत मूळच्याच आहेत. नव्या पाण्यात तिची पाने आधी वितळल्यासारखी गळून जातात. झाड मेले म्हणून उपटू नका. मुळे जिवंत असतात, काही आठवड्यांत नवी पाने येतात.

दिव्याचे म्हणाल तर साधी पांढरी एलईडी, दिवसाला सहा ते आठ तास. जास्त उजेड दिला की झाडांआधी शेवाळ वाढते. अ‍ॅन्यूबियासच्या पानांवर काळे केसाळ शेवाळ दिसू लागले तर तास कमी करा. आणि बाजारातून आणलेले रोप थेट टाकीत घालू नका. आठवडाभर बादलीत ठेवा, पाणी बदलत राहा. गोगलगायी आणि त्यांची अंडी तिथेच दिसतात.

मासे सोडताना आणि नंतर

आधी शांत सोबती सोडा, आठ-दहा दिवसांनी सिक्लिड. जो आधी येतो तो टाकीवर सातबारा लिहून घेतो, म्हणून भांडखोराला शेवटी आणायचे. पिशवी पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवा, मग टाकीतले पाणी थोडे थोडे पिशवीत घाला, आणि मासा जाळीने उचलून टाकीत सोडा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका. पुढे कधी नवा मासा आणला तर त्याच दिवशी दगड-करवंट्यांच्या जागा बदला. जुन्यांच्या सीमा पुसल्या जातात आणि नव्याला शिरकाव मिळतो.

दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचे. ११० लिटरच्या टाकीत हे जेमतेम दोन बादल्या होते. रविवारच्या चहाआधी काम उरकते.

भोपाळच्या हवेचेही भान ठेवावे लागते. मे महिन्यात पारा चाळिशी पार करतो आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर झाकण काढा, छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर वळवा, एअर पंप जोरात चालवा. उडालेल्या पाण्याची भर रोज घाला. जानेवारीत रात्री दहा अंशांखाली जातात, तेव्हा हीटर हवा. लिटरला एक वॅट या हिशेबाने आपल्या टाकीला १०० वॅटचा पुरे. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या.

एक विनंती

क्रिबची जोडी वर्षात इतकी पिल्ले देते की घरातली टाकी अपुरी पडते. कधी बदली होते, कधी हौस फिटते. अशा वेळी ‘मोकळ्या पाण्यात सुखी राहतील’ म्हणून मासे तलावात सोडण्याचा मोह होतो. तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला. हाही सिक्लिड, हाही पिल्लांना जिवापाड सांभाळणारा. आज देशातल्या कितीतरी तलावांत त्याने मूळच्या माशांची जागा घेतली आहे. टाकीत ज्या गुणाचे आपण कौतुक करतो, तोच गुण तलावात इतरांच्या मुळावर येतो.

आपला मोठा तलाव आणि छोटा तलाव मिळून भोज वेटलँड होतो, आणि २००२ पासून तो रामसर यादीत आहे. तुमच्या टाकीतला एकही मासा आणि झाडाची एकही काडी त्यात, नाल्यात किंवा गणपती विसर्जनाच्या कुंडात सोडू नका. मासा नको झाला तर दुकानात परत द्या, मित्राला द्या, शेजाऱ्याला द्या. छाटलेली झाडे उन्हात वाळवा आणि कुंडीतल्या तुळशीला खत म्हणून घाला.